बफेलो स्प्रिंगफील्ड: पंचवीस महिने, तीन गीतकार आणि बासची रिकामी जागा

प्रकरण थोडक्यात

बफेलो स्प्रिंगफील्ड हा लॉस एंजेलिसचा फोक रॉक बँड. 11 एप्रिल 1966 ला हॉलिवूडच्या ट्रुबाडोर क्लबात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि 5 मे 1968 ला लाँग बीचच्या अरीनात शेवटचा. म्हणजे जेमतेम पंचवीस महिने. एवढ्या काळातल्या कामातून तीन एलपी, म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकड्या, निघाल्या (तिसरी बँड मोडल्यावर), एकच सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, खपाच्या यादीत पहिल्या दहात गेलं आणि बास गिटारवर चार वेगवेगळे वादक येऊन गेले.

बँडचे दोन गीतकार-गिटारवादक स्टीफन स्टिल्स आणि नील यंग यांचं पटलं नाही म्हणून बँड फुटला, असं सरसकट सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. दोन तगडे गीतकार एकमेकांशी भांडत असूनही वर्षानुवर्षं टिकलेले बँड पुष्कळ आहेत. इथे भांडण पेलायला खाली जो पाया लागतो, तो जानेवारी 1967 मध्येच खचला होता आणि तो कुणी नीट भरून काढला नाही.

पार्श्वभूमी

स्टिल्स आणि बँडचा तिसरा गीतकार, गायक रिची फ्युरे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये ऑ गो गो सिंगर्स या मोठ्या गायनसमूहात एकत्र गात होते. 1965 मध्ये स्टिल्स कॅनडाच्या दौऱ्यावर असताना ऑन्टारिओमधल्या फोर्ट विल्यम गावी त्याला नील यंग भेटला. फोकची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणारा हा मुलगा त्याच्या डोक्यात बसला. पुढे यंग न्यूयॉर्कला आला तेव्हा फ्युरेने त्याच्याकडून एक गाणं शिकून घेतलं. बँडचं पहिलं सिंगल तेच झालं.

दरम्यान यंग आणि बासवादक ब्रूस पामर टोरांटोत मायना बर्ड्स या बँडमध्ये होते. त्यांच्या गायकाला अमेरिकी नौदलातून पळाल्याबद्दल अटक झाली आणि मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी चाललेलं त्यांचं रेकॉर्डिंग बारगळलं. दोघांनी 1953 सालची पाँटिअॅक शववाहिका विकत घेतली आणि ती चालवत कॅलिफोर्निया गाठलं. एप्रिल 1966 मध्ये सनसेट बुलवारवर वाहनांच्या गर्दीत ऑन्टारिओची नंबरप्लेट असलेली ही काळी गाडी स्टिल्स आणि फ्युरेच्या नजरेस पडली. पाचवा आला ड्रमर ड्युई मार्टिन, हाही कॅनडाचाच. सुरुवातीला बँडचा कारभार पाहणारा निर्माता बॅरी फ्रीडमन याच्या घरासमोर रस्त्याचं काम चालू होतं. तिथल्या रोड रोलरवर कंपनीची पाटी होती, तेच नाव बँडने उचललं.

सुरुवातीचा वेग दांडगा होता. बर्ड्स या नावाजलेल्या बँडच्या आधी वाजवायची संधी मिळाली. त्यांच्याच क्रिस हिलमनने व्हिस्की अ गो गो क्लबाच्या मालकांकडे शब्द टाकला आणि 2 मे ते 18 जून बँड तिथेच वाजवत राहिला. रोज रात्री एकाच मंचावर, एकाच श्रोत्यांसमोर वाजवण्यासारखी दुसरी तालीम नाही. दोन गिटारी एकमेकींना उत्तरं देतायत, फ्युरेचा स्वच्छ आवाज वर, आणि खाली प्रेक्षकांकडे पाठ करून उभा पामर. त्याचा बास नुसता मूळ स्वर धरून बसत नसे. गिटारी जिथे जागा सोडत तिथे तो चालत जाई. बँडचा तोल या माणसावर होता, हे पुढच्या सगळ्या निर्णयांत विसरलं गेलं.

पहिला निर्णय: कारभार कुणाच्या हाती

फ्रीडमनला बाजूला करून बँडने चार्ली ग्रीन आणि ब्रायन स्टोन यांना मॅनेजर नेमलं. सॉनी आणि शेर या जोडीचं काम हेच दोघे पाहत. निर्णय वरवर शहाणपणाचा होता. त्यांनी अटलांटिक या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, अहमेट एर्टेगनकडून चार एलपींचा करार आणि आगाऊ रक्कम मिळवली. 25 जुलै 1966 ला हॉलिवूड बोलमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवण्याचा मानही मिळाला. तीन महिन्यांपूर्वी जन्मलेल्या बँडला आणखी काय हवं?

पण नेमकी इथेच गोम होती. ग्रीन आणि स्टोन मॅनेजर तर झालेच, शिवाय रेकॉर्डचे निर्मातेही तेच झाले. मॅनेजरने लेबलशी वेळेसाठी आणि पैशासाठी भांडायचं असतं. निर्मात्याने स्टुडिओत आवाजासाठी बँडशी भांडायचं असतं. दोन्ही कामं एकाच माणसाकडे गेली की बँडच्या बाजूने भांडणारं कुणी उरत नाही. त्यातून या दोघांना इलेक्ट्रिक बँड टेपवर कसा पकडायचा याचा फारसा अनुभव नव्हता.

पहिली एलपी आणि मिक्सचा घोळ

गोल्ड स्टार स्टुडिओत उन्हाळ्यात काम सुरू झालं. निकाल ऐकून बँड नाराज झाला. व्हिस्कीच्या मंचावरचा दणका टेपवर उतरलाच नव्हता. सगळं पातळ आणि लांबून आल्यासारखं वाटत होतं.

यात मिक्सचा, म्हणजे टेपवरचे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याचा, मुद्दा तपशिलाने पाहण्याजोगा आहे. 1966 मध्ये रेडिओवर आणि तरुण मुलांच्या रेकॉर्ड प्लेअरवर गाणं मुख्यतः मोनोत वाजे, म्हणून बँड आपली मेहनत मोनो मिक्सवर खर्च करत. मोनोत सगळी वाद्यं एकाच ठिकाणाहून येतात. बास आणि ड्रम गिटारींना खालून ढकलतात आणि थोड्या साधनांतही आवाज भरीव होतो. त्या काळच्या टेपवर ट्रॅक (आवाज साठवायच्या वेगवेगळ्या पट्ट्या) मोजके असत आणि एका ट्रॅकवर एकत्र बसलेली वाद्यं नंतर सुटी करता येत नसत. मग स्टिरिओ करायचं म्हणजे काही ट्रॅक उजवीकडे, काही डावीकडे टाकायचे. असं केलं की एकमेकांना चिकटून वाजलेली वाद्यं मधोमध फाटतात आणि जोर निघून जातो. या एलपीचं मोनो मिक्स बँडने स्वतः बसून केलं. स्टिरिओ मात्र ग्रीन आणि स्टोन यांनी केलं. आपलं मोनोच खरं, असं स्टिल्स आणि यंग पुढे कायम सांगत आले, आणि दोन्ही ऐकल्यावर त्यांचं म्हणणं पटतं.

बँडपुढे दोन वाटा होत्या: आहे तसं सोडायचं किंवा पुन्हा रेकॉर्ड करायचं. त्यांनी पुन्हा करण्यासाठी वेळ मागितला. लेबलला नाताळचा हंगाम गाठायचा होता, त्यामुळे नकार आला. 1966 संपता संपता एलपी दुकानांत गेली.

गाण्यांची वाटणीही इथेच पाहून ठेवावी. 12 पैकी 7 गाणी स्टिल्सची, 5 यंगची, फ्युरेचं एकही नाही. यंगच्या 5 पैकी 3 फ्युरेने गायली, कारण यंगचा आवाज रेडिओवर चालणार नाही असं ठरलं होतं. हेतू व्यावहारिक असेल. पण स्वतःचं गाणं स्वतः गायला न मिळणं ही गीतकाराच्या मनात राहणारी गोष्ट आहे.

एक गाणं चालतं तेव्हा

12 नोव्हेंबर 1966 ला सनसेट स्ट्रिपवर, पँडोराज बॉक्स क्लबासमोर, शेकडो तरुण जमले. अठराखालच्या मुलांना रात्री 10 नंतर रस्त्यावर फिरायला बंदी होती आणि ती आता कडकपणे लागू होत होती. त्याविरुद्धचा हा निषेध पोलिसांशी झटापटीपर्यंत गेला. स्टिल्सने त्यावर गाणं लिहिलं आणि 5 डिसेंबरला, म्हणजे चार आठवडेही व्हायच्या आत, बँडने ते कोलंबियाच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं.

हेच ते ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’. याची बांधणी जवळून ऐकण्यासारखी आहे. यंगच्या गिटारवर हार्मोनिकचे, म्हणजे तारेला हलका स्पर्श करून काढलेले, दोनच स्वर, दूरच्या घंटेसारखे, पुन्हा पुन्हा. खाली बास ड्रमचा संथ ठोका. स्टिल्स जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि ध्रुवपदात बाकीचे येतात. गाणं अडीच मिनिटांच्या थोडं वर आहे आणि एकही जागा भरगच्च नाही. पहिल्या एलपीत जे साधलं नव्हतं ते इथे साधलं, कारण वाद्यांना एकमेकांपासून दूर ठेवलं आहे. शीर्षकाचे शब्द गाण्यात कुठेच येत नाहीत, म्हणून लेबलने ध्रुवपदातले शब्द उपशीर्षक म्हणून जोडले.

1967 च्या वसंतात हे सिंगल अमेरिकेच्या बिलबोर्ड नियतकालिकाच्या यादीत 7 व्या क्रमांकापर्यंत गेलं. लेबलने मार्चमध्ये एलपी पुन्हा काढली, स्टिल्सचंच एक जुनं गाणं उडवून त्या जागी हे घातलं. तरीही एलपी 80 च्या वर चढली नाही.

एका यशाने बँडमधलं वजन हललं. मंचावरचं यश पाचांचं होतं, यादीतलं यश स्टिल्सचं झालं. पुढचं सिंगल कुणाचं, हा प्रश्न आता दर वेळी पैशाचा आणि मानाचा होणार होता, आणि तो सोडवायचा कसा हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

बासची जागा

गाणं चढत होतं त्याच जानेवारीत पामरला न्यूयॉर्कमध्ये गांजा बाळगल्याबद्दल अटक झाली आणि त्याला कॅनडात परत पाठवलं गेलं. दूरचित्रवाणीवर ‘हॉलिवूड पॅलेस’ कार्यक्रम ठरलेला होता. तिथे टूर मॅनेजर डिक डेव्हिसला हातात बास देऊन कॅमेऱ्याकडे पाठ करून बसवलं. देशभरातल्या प्रेक्षकांना बँडची ओळख होत होती ती अशा अवस्थेत.

ही अडचण आकाशातून पडली नव्हती. पामर आणि यंग सीमा ओलांडून आले ते कामाचा परवाना नसताना. यंगला अमेरिकेत राहण्याचं ग्रीन कार्ड 1970 मध्ये मिळालं, बँड संपून दोन वर्षं झाल्यावर. म्हणजे संपूर्ण काळ पाचातले निदान दोघे कागदांविना वाजवत होते. कागद नसलेल्या माणसाला लहानशा गुन्ह्याचीही शिक्षा हद्दपारीच असते.

जानेवारीनंतर तीन पर्याय होते.

पहिला, पामर येईपर्यंत थांबायचं. सिंगल यादीत वर जात असताना थांबणं परवडणारं नव्हतं, आणि तो कधी येईल हेही कुणाच्या हातात नव्हतं.

दुसरा, कायमचा बासवादक नेमायचा, त्याला महिनाभर तालीम द्यायची आणि पुढे त्याच्यासकट जायचं. पामरशी असलेलं नातं दुखावलं असतं, पण बँडला पुन्हा जमीन मिळाली असती.

तिसरा, आज मिळेल त्याच्यावर आज भागवायचं. बँडने हाच धरला. आधी यंगचा जुना साथी केन कोब्लन, मग जिम फील्डर. फील्डर कसबी वादक होता, पण आपली जागा उधारीची आहे हे त्याला आणि इतरांनाही ठाऊक होतं. उधारीच्या जागेवरचा माणूस धोका पत्करून वाजवत नाही. वसंताच्या अखेरीस पामर चोरवाटेने परतला आणि फील्डर गेला. जानेवारी 1968 मध्ये पामर पुन्हा पकडला गेला, पुन्हा बाहेर. या वेळी दुसऱ्या एलपीवर ध्वनिमुद्रक म्हणून काम केलेला जिम मेसिना बासवर आला. दुसरा पर्याय एक वर्ष उशिरा, नाइलाज म्हणून अमलात आला.

यंगचं जाणं-येणं आणि दुसरी एलपी

जून 1967 च्या आगेमागे यंग बँड सोडून गेला. 1966 पासून त्याला अपस्माराचे झटके येत होते. दौऱ्यांची दगदग, मॅनेजरांवरचा राग आणि स्टिल्सशी मुख्य गिटारवरून होणाऱ्या चकमकी यांची त्यात भर पडली होती. 18 जूनला माँटेरी पॉप महोत्सवात बँड उभा राहिला तेव्हा त्याच्या जागी डग हेस्टिंग्ज होता आणि मदतीला बर्ड्सचा डेव्हिड क्रॉस्बी. ज्या महोत्सवाने कित्येकांचं नशीब उघडलं, तिथे या बँडची आपली माणसंच पूर्ण नव्हती.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास यंग परतला. ग्रीन आणि स्टोन यांच्याशी बँडने फारकत घेतली. हा निर्णय योग्य होता, पण निर्मात्याची जागा रिकामीच राहिली. ती भरली प्रत्येक गीतकाराने, आपापल्या गाण्यापुरती. ‘बफेलो स्प्रिंगफील्ड अगेन’ अशीच, तुकड्यातुकड्यांनी तयार झाली. यंगने ‘एक्सपेक्टिंग टू फ्लाय’ संगीत-संयोजक जॅक नित्शे आणि स्टुडिओतले वादक घेऊन केलं. त्यात बँडचे इतर सदस्य नाहीत. फ्युरेच्या एका गाण्यावर जेम्स बर्टनची डोब्रो (धातूच्या तबकडीची गिटार) आहे. ते गाणं यंगच्या धरसोडीला उद्देशून आहे असं मानतात आणि यंगही त्यात वाजवतो. 10 गाण्यांची वाटणी आता 4 स्टिल्स, 3 यंग, 3 फ्युरे.

इथे न्यायाने सांगायला हवं की ही त्यांची सर्वांत चांगली एलपी आहे. मोकळीक मिळाली नसती तर यंगचे ते वाद्यवृंदी प्रयोग झाले नसते. ती यादीत 44 पर्यंत गेली. सिंगल्स मात्र पडली: ‘ब्लूबर्ड’ 58, ‘रॉक अँड रोल वुमन’ 44, ‘एक्सपेक्टिंग टू फ्लाय’ 98. कारण ऐकल्यावर कळतं. तिन्ही उत्तम आहेत, पण अनोळखी माणसाला तिन्ही एकाच बँडची वाटणार नाहीत. शिवाय शेवटचं गाणं चौघा-पाचांनी मंचावर वाजवणं शक्यच नव्हतं. स्टुडिओ आणि मंच यांची फाटाफूट झाली.

शेवटचे महिने

20 मार्च 1968 ला टोपांगा कॅन्यनमधल्या एका घरावर पोलीस आले. यंग, फ्युरे, मेसिना आणि पाहुणा, इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांना अटक झाली. एप्रिलमध्ये बीच बॉइजबरोबर दक्षिणेकडच्या राज्यांचा दौरा होता. 4 एप्रिलला मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली आणि दौऱ्यातले अनेक कार्यक्रम रद्द झाले. 5 मेला लाँग बीचला शेवटचं वाजवून बँड थांबला.

तिसरी एलपी करारापोटी द्यायची होती. फ्युरे आणि मेसिना यांनी पडून असलेल्या टेप गोळा करून ‘लास्ट टाइम अराउंड’ जुळवली आणि ती 30 जुलैला निघाली. सगळे मूळ सदस्य एकत्र वाजवतायत असं गाणं त्यात जवळपास नाहीच. तरीही ती 42 व्या क्रमांकापर्यंत गेली, आधीच्या दोन्हींपेक्षा वर. ऐकणारे तेव्हा कुठे जमू लागले होते.

वेगळं काय करता आलं असतं

परवान्याचं काम 1966 च्या उन्हाळ्यातच हाती घ्यायला हवं होतं. आगाऊ रकमेतला एक हिस्सा वकिलाला देऊन, लेबलच्या पत्रासह अर्ज करण्याची वेळ तीच होती. अटक झाल्यावर ती वाट फारच अरुंद झाली. मॅनेजर नेमताना हा पहिला प्रश्न असायला हवा होता. तो कुणी विचारल्याचं पुढच्या घटनांवरून तरी दिसत नाही.

यंगच्या बाबतीत एक नमुना त्याच शहरात होता. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने 1964 च्या अखेरीस दौरे सोडले. तो स्टुडिओत राहिला आणि मंचावर 1965 पासून ब्रूस जॉन्स्टन गेला. बँड चालत राहिला. यंगची प्रकृती पाहता त्याला असंच ठेवता आलं असतं: वर्षाला ठरावीक गाणी, ती त्याच्याच आवाजात, आणि दौऱ्यावर हेस्टिंग्जसारखा कायमचा गिटारवादक. अडचण एकच. यंगला मंच नको होता असं नाही, त्याला तो स्वतःच्या अटींवर हवा होता. म्हणून ही व्यवस्था नक्की टिकली असती असं म्हणवत नाही. पण माँटेरीच्या तोंडावर पळापळ झाली नसती.

गाण्यांच्या वाटणीचा लेखी नियम पहिल्या एलपीआधी हवा होता. सिंगल चढल्यावर केलेला कोणताही नियम कुणाच्या तरी विरुद्ध गेल्यासारखाच वाटतो. दुसऱ्या एलपीला बाहेरचा, सर्वांना मान्य असा एक निर्माता मिळाला असता तर? काही गाणी कदाचित कमी धाडसी झाली असती. ती किंमत मोठी आहे, आणि आम्ही ती सहज मोजा म्हणणार नाही. निदान बास आणि ड्रम सर्व गाण्यांत एकाच हातचे ठेवले असते, तरी एलपीला एक कणा मिळाला असता.

नावाची मालकीही ठरलेली नव्हती. बँड मोडल्यावर काही महिन्यांतच ड्युई मार्टिनने नवे वादक जमवून त्याच नावाने कार्यक्रम सुरू केले. स्टिल्स आणि यंग यांना ते थांबवायला कायद्याची पायरी चढावी लागली.

नंतर

फ्युरे आणि मेसिना यांनी पोको बँड काढला. स्टिल्सने क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश यांच्याबरोबर नवा गट बांधला. नॅशला एपिक लेबलकडून सोडवण्यासाठी अटलांटिकने बदल्यात फ्युरेला एपिककडे जाऊ दिलं. या वेळी नाव तिघांच्या आडनावांचं ठेवलं. कुणीही केव्हाही वेगळं काम करू शकेल आणि उरलेल्यांना ते नाव वापरता येणार नाही, अशी ती सोय होती. 1969 मध्ये यंगही त्यात आला, चौथं आडनाव म्हणून.

1997 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला तेव्हा यंग समारंभाला गेला नाही. पामर 2004 मध्ये गेला, मार्टिन 2009 मध्ये. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ब्रिज स्कूल या शाळेच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत स्टिल्स, यंग आणि फ्युरे पुन्हा एकत्र उभे राहिले. बासवर रिक रोसास, ड्रमवर जो विटाले. जून 2011 मध्ये ओकलंड, लॉस एंजेलिस आणि सँटा बार्बरात मिळून 6 कार्यक्रम आणि मग टेनेसीत बोनारू महोत्सव झाला. त्यापुढे मोठा दौरा करायचं बोलणं झालं होतं. यंग दुसऱ्या कामाकडे वळला आणि तो दौरा झाला नाही.